टाकीजवळची सात मिनिटं

“काका, तुमची पिशवी वाजतीया.”

अकरा नंबरच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर मी एकटाच होतो. वाहक धोत्रेबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मांडीवरची कापडी पिशवी खरंच वाजत होती. एक फोन टुणकन बोलला की दुसरा त्याला उत्तर द्यायचा, मग तिसरा. आत एकूण वीस फोन होते. रात्री सगळे एकदम चार्जिंगला लावले होते, त्यामुळे सगळ्यांची बॅटरीही एकदमच संपत आली होती.

“कुणाचा तरी फोन येतोय वाटतं,” मी म्हणालो.

“एकाचा कुठला? आत वऱ्हाड बसल्यागत वाजतंय.”

“दुरुस्तीला नेतोय.”

“टाकीवर?” बाई पलीकडच्या बाकावर टेकल्या. “तिथं दोन शेळ्या आन् एक बाभळ हाय. त्यातलं कोण दुरुस्त करतंय?”

मी पुस्तक उघडून नाकासमोर धरलं. कुणी काही अवघड विचारलं की पुस्तक उघडायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. शाळेत त्यामुळे हुशार समजला गेलो, आणि पुढे नोकरीत निरुपद्रवी.

बाईंनी मला सोडून दिलं आणि स्वतःचं सुरू केलं. चालक सोडला तर बसमध्ये तिसरं माणूस नसल्यामुळे त्या रोज थोडं बोलायच्या आणि मी रोज थोडं ऐकायचो. “आमच्या सुनंला, पारूला, सातवा लागला. दर मंगळवारी दवाखान्यात वजन कराया जायाचं. तीन किलोमीटर जायाचं, तीन यायाचं. डॉक्टरीण म्हणती वजन भरत न्हाई. म्हटलं, भरल्यालं समदं वाटंत सांडतंय, तुमी तरी काय करणार.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुमच्या हापिसात नव्या गाड्यांचं कायतरी चाललंय म्हणं. आमच्या खाणवस्तीचं नाव हाय का त्यात?”

“अजून ठरायचंय,” मी म्हणालो.

हे खरं होतं. पिशवी पुन्हा वाजली.

मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो. आमच्या शहराच्या परिवहन उपक्रमात सांख्यिकी लिपिक. किती बस सुटल्या, किती बिघडल्या, किती माणसं चढली, हे आकडे लिहून वर पाठवायचे. ते वर कुणी वाचत नाही, हे मला नोकरीच्या विसाव्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून काम आवडू लागलं.

त्या वर्षी शासनाचा मोठा निधी आला. तीन कोटी चाळीस लाख. लोकांच्या फोनवरून ते कुठून कुठे जातात याची माहिती गोळा करायची आणि त्या माहितीनुसार बसचे मार्ग नव्याने आखायचे, अशी योजना होती. सहा नव्या छोट्या बस मिळणार होत्या आणि माहिती सांगेल तिथेच त्या सोडायच्या, अशी अट होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होते, त्यांचे ठिपके नकाशावर आपोआप उमटत होते. शहराच्या पूर्वेकडे मात्र ठिपके फारच विरळ होते. म्हणून हुकूम निघाला: पूर्व भागातले, पायी चालणारे, साधा फोनच वापरणारे वीस नागरिक निवडावेत, त्यांना एकवीस दिवस योजनेचे फोन सोबत बाळगायला द्यावेत. नावं गुप्त ठेवावीत. कर्मचाऱ्यांना फोन देऊ नयेत.

हे काम आमच्या व्यवस्थापकांनी, कुलथेसाहेबांनी, मला दिलं. “टिपणीस, तुमचं वाचन दांडगं आहे,” ते म्हणाले. “लोकांना तुम्ही नीट समजावून सांगाल.” वाचणारा माणूस बोलतोही, असा त्यांचा समज होता.

बाईंकडून रोज ऐकत होतो म्हणून मी पहिल्याच दिवशी, फोन कार्यालयातच ठेवून, आधी नावं विचारायला खाणवस्तीत गेलो. शहराबाहेर टेकडी आहे. तिच्या अलीकडे जुनी पाण्याची टाकी, तिथे अकरा नंबर संपते. टेकडीपलीकडे दगडाच्या खाणी, आणि खाणींच्या कडेने वस्ती. तिथले लोक टाकीपर्यंत बस धरायला येत नसत. तेवढ्या अंतरात खिंडीतून अर्धं शहर गाठता येतं, मग उरलेल्यासाठी तिकीट कशाला काढायचं, असा त्यांचा सरळ हिशोब.

सार्वजनिक नळावर सात-आठ बाया पाणी भरत होत्या. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. “नमस्कार. शासनाच्या एका अभिनव उपक्रमात आपला सहभाग अपेक्षित आहे.”

एका बाईने हंडा खाली ठेवला. “अतिक्रमणवाले का?”

“नाही, नाही.”

“मग रेशन कार्डाचं?”

“नाही. आपण कुठे कुठे जाता, एवढंच बघायचं आहे.”

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मग दुसरीला म्हणाली, “ह्यो म्हातारा बघ गं, आपुन कुठं जातो ते बघायचं म्हणतोय.”

सगळ्या हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा माझे कान तापले. शेजारच्या टपरीवरून पावशेर शेंगदाणे घेतले, जणू त्यासाठीच तीन किलोमीटर आलो होतो, आणि परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या मरीआईच्या देवळासमोर तासभर उभा राहिलो. देणगीदारांची पाटी तीनदा वाचली. एक म्हातारा येऊन म्हणाला, “पाव्हणं, कुणाचं नाव शोधताय?” मी म्हणालो, “सापडलं,” आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी गेलोच नाही. उद्या नक्की जाऊ, असं ठरवलं. पण तोवर फोन बंद ठेवून चालणार नव्हतं. पुण्याहून योजनेच्या सल्लागार पारसनीस मॅडम रोज सकाळी विचारायच्या, “टिपणीसकाका, वीसही फोन सुरू आहेत ना?”

“सुरू आहेत.”

“आणि लोक ते घेऊन फिरतायत ना?”

“फिरतायत.”

लोक म्हणजे मी. दिवसभर पिशवी कार्यालयात माझ्या टेबलाखाली असायची. साडेपाचला ती खांद्यावर घेऊन मी अकरा नंबर पकडायचो, कारण गेली नऊ वर्षं मी रोज तेच करत होतो. संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत हिच्या भजनी मंडळाचा सराव असे. चौदा बायका, दोन पेट्या आणि एक ढोलकी. मी टाकीच्या चौथऱ्यावर बसून वाचत असे आणि सव्वासातच्या बसने परतत असे. ती बस एके काळी तिथल्या सूतगिरणीसाठी सुरू झाली होती. गिरणी बंद पडली, पण बस बंद करायची कुणाला आठवण राहिली नाही. तसा आकडा वर पाठवणं माझंच काम होतं. तो मी कधी ठळक करून पाठवला नाही.

घरी भिंतीपाशी विजेच्या चार पट्ट्या लावून वीस फोन ओळीने ठेवायचो. ही एकदा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“घरात वीस फोन,” ती म्हणाली, “आणि तुम्हाला एकाही माणसाचा फोन येत नाही.”

धोत्रेबाईंनाच विचारावं, त्यांनी चार ओळखीच्या बायकांची नावं सांगितली असती, हे मला का सुचलं नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. सुचलं होतं. चौथ्या दिवशीच सुचलं होतं. पण त्यासाठी त्यांना हाक मारावी लागली असती.

बाराव्या दिवशी महापालिकेच्या सभागृहात आढावा बैठक झाली. खुर्चीत आयुक्त, बाजूला कुलथेसाहेब, पडद्यापाशी पारसनीस मॅडम. वाहकांच्या वतीने धोत्रेबाईंना बोलावलं होतं. त्या भिंतीकडेच्या खुर्चीत, गणवेशाला इस्त्री करून, ताठ बसल्या होत्या. मी मागच्या रांगेत, पिशवी पायांशी घेऊन.

मॅडमनी नकाशा दाखवला. शहरभर पिवळ्या-निळ्या रेघा, आणि पूर्वेकडे एकच लाल रेघ, मनगटाएवढी जाड, थेट टाकीपर्यंत गेलेली. ती दिसताच मी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.

“पूर्व भागातून फारच अनपेक्षित माहिती मिळाली आहे,” त्या म्हणाल्या. मुलगी हुशार होती, डोळे चमकत होते. “इथले वीसच्या वीस पादचारी दररोज संध्याकाळी टाकीपाशी जातात. साधारण सव्वा तास तिथे थांबतात. मग एकाच वेळी परततात. एकही दिवस चुकत नाही.”

“काय करतात तिथे?” आयुक्तांनी विचारलं.

“हालचाल जवळजवळ नाही. एका जागी बसतात. माझ्या मते तिथे मजूर अड्डा असावा, किंवा एखादा अनौपचारिक बाजार.”

“आणि दिवसभर?”

“दिवसभर ते आपल्या परिवहन कार्यालयाच्या इमारतीत असतात.”

कुलथेसाहेब पुढे झुकले. “आमच्या इमारतीत? काय करतात?”

“तिथेही काही हालचाल नाही. साडेदहा ते साडेपाच एका जागी.”

“मग ते आमचेच कर्मचारी दिसतात,” कुलथेसाहेब म्हणाले, आणि आयुक्त हसल्यामुळे सगळे हसले.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. “एक गोष्ट गंभीर आहे, सर. हे वीसही जण रात्री एकाच घरात झोपतात. खासगी माहिती म्हणून ते घर मी दाखवू शकत नाही. पण एखादा कंत्राटदार वीस मजुरांना एका खोलीत कोंबून ठेवतोय, असं वाटतं. कामगार खात्याला कळवायला हवं.”

आयुक्तांनी टिपून घेतलं. मी डोळे मिटून आमची ती खोली डोळ्यांपुढे आणली. कामगार निरीक्षक दारात उभे आहेत आणि आतून ढोलकी ऐकू येते आहे.

“तेव्हा सहापैकी चार बस टाकीच्या मार्गावर द्याव्यात, अशी शिफारस आहे,” मॅडम म्हणाल्या. “उरलेल्या दोन स्टेशनला.”

“आन् खाणवस्ती?” भिंतीकडून आवाज आला.

मॅडमनी यादी पाहिली. “तिथे एकही ठिपका नाही. तिथून प्रवासाची मागणी शून्य दिसते.”

“म्हंजी?”

“म्हणजे तिथले लोक फारसे कुठे जात नाहीत.”

धोत्रेबाई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. “बाई, तिथल्या चारशे बाया रोज पहाटं मंडईत येत्यात. पोरं शाळंत येत्यात. माझी सून पोट घिऊन दवाखान्यात येती. समदी चालत. तुमच्या त्या टाकीवर मी रोज गाडी घिऊन जाती. नऊ वर्सं झाली. तिथं चिटपाखरू उतरत न्हाई. उतरतो तो एकच…”

आणि त्या थांबल्या. हळूच मान वळवून त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत गेलेलं मला स्पष्ट दिसलं.

त्या सगळं सांगू शकल्या असत्या. त्यांनी एवढंच विचारलं, अगदी बसमध्ये विचारावं तसं, “टिपणीसकाका, झाले का ओ दुरुस्त?”

सभागृहात बोलणं मी आयुष्यभर टाळलं होतं. स्वतःच्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा मला ठसका लागला होता. त्या दिवशीही मी आधी पुस्तकच शोधलं. हात पिशवीत गेला, तर हाताला फोन लागला. तो घेऊनच मी उभा राहिलो.

“ते वीस जण,” मी म्हणालो, “इथेच आहेत.”

“कुठे?” आयुक्त म्हणाले.

“म्हणजे मी आहे.”

मी पिशवी उचलून टेबलाकडे गेलो आणि एकेक फोन काढून मांडू लागलो. पिशवी उलटी केली असती तर लवकर आटपलं असतं. पण सही करून घेतलेले फोन होते, ओरखडा पडला असता. शेवटचे दोन बाहेर येईपर्यंत सगळं सभागृह बघत होतं.

“लोकांना विचारायला मला जमलं नाही,” मी म्हणालो. “दोनदा गेलो होतो. एकदा शेंगदाणे घेऊन परत आलो.”

“टाकीवर तुम्ही काय करता?” मॅडमनी अगदी हळू विचारलं.

“वाचतो.”

“आणि ते घर?”

“माझंच. बायको धरून आम्ही बावीस.”

आयुक्तांनी तोंडावर रुमाल धरला. कुलथेसाहेबांच्या चेहऱ्याचा रंग त्या लाल रेघेसारखा झाला. “टिपणीस, काय केलंत हे तुम्ही? पहिला अहवाल परवाच मुंबईला गेला. तो मागे घेतला तर निधीचा पुढचा हप्ता थांबेल. मार्चअखेर बसही जातील आणि आपणही जाऊ.”

“माहिती खोडता येत नाही,” मॅडम नकाशाकडे बघत म्हणाल्या. “भर घालता येते. अजून नऊ दिवस आहेत. पण नऊ दिवसांत वीस माणसं कोण जमवणार?”

धोत्रेबाई टेबलाशी आल्या. पिशवीचं तोंड उघडून त्यांनी फोन पटापट आत भरले, बटाटे भरावेत तसे. “उद्या सकाळी सहाला नळावर वाटती,” त्या म्हणाल्या. “कर्मचाऱ्याला द्यायचे न्हाईत म्हणताय तर मी ठिवून घेत न्हाई. वाटाय तर बंदी न्हाई ना?”

“आणि हरवले तर?” माझ्या तोंडून गेलं. एवढं सगळं होऊनही मला ते सुचलं, याची मला आजही लाज वाटते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “काका, तुमी वीस मानसं सांभाळली बारा दिस. आता जरा निवांत वाचा.”

नऊ दिवसांत नकाशावर दुसरी रेघ उमटली. आधी विस्कटलेल्या दोऱ्यासारखी, मग दिवसागणिक दाट. पहाटे खिंडीतून मंडईकडे, दुपारी परत वस्तीकडे. एक ठिपका दोन्ही मंगळवारी दवाखान्यात जायचा आणि वाटेत तीन ठिकाणी बराच वेळ थांबायचा. मॅडमनी मला विचारलं, या तीन जागी काय आहे. मी बाईंना विचारलं. हो, हाक मारून विचारलं. त्या म्हणाल्या, “दगड हायत. पारू टेकती तिथं.”

वीसच्या वीस फोन परत आले. काहींवर दगडाची भुकटी होती, एकाला कुणीतरी लोकरीचा अंगरखा विणला होता. तो मी तसाच जमा केला.

माझ्यावर कारवाई झाली नाही. माझी चूक कागदावर आणायची तर पहिला अहवालही आणावा लागला असता. मी अकरा पानी खुलासा लिहून दिला होता. कुलथेसाहेबांनी तो न वाचता परत केला आणि म्हणाले, “भाषा चांगली आहे.”

पारूचे दिवस भरायच्या आधी बारा दिवस बस सुरू झाली. टाकीवरून टेकडीला वळसा घालून खाणवस्ती. वेळापत्रक मशीनने आखलं होतं, आणि मशीनपुढे दोन्ही प्रकारचे ठिपके होते: नऊ दिवसांचे खरे आणि बारा दिवसांचे माझे. त्यामुळे संध्याकाळी पावणेसहाची गाडी टाकीपाशी सात मिनिटं थांबते. वीस उतारू एकदम उतरायचे, तर तेवढा वेळ लागणारच.

हे घडून बारा वर्षं झाली. मी केव्हाच निवृत्त झालो, बाईही झाल्या. टाकी पाडली, थांबा उरला. गाडी अजून तिथे सात मिनिटं थांबते. ते बदलायचं तर मुंबईला लिहावं लागेल म्हणतात.

मागच्या महिन्यात एकदा मी शेवटच्या बाकावर होतो. गाडी गच्च भरलेली. धोत्रेबाई नातीच्या शाळेतून परतत होत्या. त्या माझ्या पुढच्याच बाकावर बसल्या. थांबा आला, चालकाने इंजिन बंद केलं. पुढच्या बाया पिशव्यांतली मेथी काढून निवडायला बसल्या, कारण तेवढ्यात एक जुडी होते.

एक नवी सून वैतागून म्हणाली, “हितं रोज कशापायी थांबतंय हे? कुत्रं बी उतरत न्हाई.”

“वेळापत्रक आहे,” चालक म्हणाला.

“पर कुणासाठी?”

धोत्रेबाईंनी मान न वळवता उत्तर दिलं. “हितं वीस मानसं उतरत्यात.”

“कुठं हायत?”

बाई नुसत्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, आता उभं राहून सांगून टाकावं. वाक्यही जुळवलं. पण गाडी भरलेली होती, आणि मी पुस्तक उघडलं. मग ते मिटलं. उठलो, “जरा वाट द्या” म्हणत सगळ्यांच्या मधून दारापर्यंत गेलो, आणि खाली उतरलो. बाभळीपाशी जाऊन उभा राहिलो. मागून ती सून कुणाला तरी विचारत होती, “ह्या आजोबांस्नी हितं काय काम असंल?”

सात मिनिटांनी चालकाने हॉर्न दिला आणि मी परत चढलो. हल्ली मी रोज उतरतो.